मुलगा बघायला गेलेत

कॅनडातला, आइस हॉकी संघासाठी पोरं हेरणारा स्काउट आपल्याकडे जन्मला असता, तर घराण्यातली स्थळं बघणारा मामा झाला असता. नजर तीच, वहीही तीच. फरक इतकाच, की मामा रात्री जेवायला घरी येतो.

स्काउट म्हणजे बहुधा थकलेला खेळाडू, नाहीतर नारळ मिळालेला कोच. बॉब हार्टली यांना २०१५ साली एनएचएल या आइस हॉकीच्या बड्या लीगमधले सर्वोत्तम कोच म्हणून जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी नोकरी गेली. त्यामुळे शहाण्या कोचची बायको सामान हलवायची खोकी कधी टाकून देत नाही. नवऱ्याचा सत्कार झाला की झटकून ठेवते. शेवटी तीच म्हणते, “स्काउट व्हा. निदान घर तरी एका गावात राहील.” घर राहतं. तो राहत नाही.

हिवाळाभर तो मूस जॉ, स्विफ्ट करंट, प्रिन्स अल्बर्ट अशा गावांतून हिंडतो. बाहेर उणे तीस, गाडीत टिम हॉर्टन्सची कॉफी. रिंकमध्ये वरच्या कोपऱ्यातली जागा धरतो. गोल झाला तरी टाळी नाही. शेजारी दुसऱ्या संघाचा स्काउट बसलेला असतो, त्याला आपली आवड कळता कामा नये. सगळं गाव पक, म्हणजे खेळातली चकती, बघत असतं, हा पकपासून लांब असलेलं पोर बघतो. कोचने झापल्यावर ते तोंड कसं करतं, तेही टिपतो. मग मोर्चा आईबापांकडे. सतरा वर्षांचं पोर अजून किती उंच होईल, हे ताडायला बापाला आपादमस्तक न्याहाळतो. निघताना मोघम म्हणतो, “कळवतो.”

जूनअखेरीस ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवी मुलं निवडायचा सोहळा. ३२ संघ, ७ फेऱ्या, २२४ मुलं. पहिल्या फेरीतला हिरा कुणालाही दिसतो. स्काउटाचा जीव अडकतो तो शेवटच्या फेऱ्यांत. डेट्रॉइट संघाचे स्काउट हाकन अँडरसन यांच्या पारखीमुळे १९९८ साली पावेल दात्सुक १७१व्या क्रमांकावर मिळाला आणि पुढल्या वर्षी हेन्रिक झेटरबर्ग २१०व्या. दोघेही मोठे खेळाडू झाले. स्काउटाच्या मुलांना हे आकडे पाढ्यांआधी पाठ होतात. बापाला मात्र मुलगी सातवीत आहे की आठवीत, हे बायकोकडे बघून सांगावं लागतं.

सणवारांचंही तेच. तरुणांची जागतिक स्पर्धा २६ डिसेंबरला सुरू होते, म्हणून नाताळचं जेवण दाराशी बॅग ठेवून होतं. थोर कोच स्कॉटी बोमन यांनी तर १९७३ साली एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकला आणि त्यावरून मुलाचं नावच स्टॅन्ली ठेवलं. हे ऐकल्यापासून स्काउटाच्या बायकोने नावं ठेवायचं खातं स्वतःकडे घेतलं आहे. नवऱ्याला ठेवायची नावंही त्यातच आली.

पोरांच्या मुलाखतीत स्काउटाचा एक हुकमी प्रश्न असतो.

“पहाटे पाचला रिंकवर कोण सोडतं?”

“आई.”

“आणि बाबा?”

“ते बाहेरगावी असतात.”

तो खूश होऊन वहीत लिहितो, ‘घरचं वळण उत्तम. मुलगा स्वावलंबी.’ त्याच पहाटे त्याची बायको गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून मुलीला सरावाला नेत असते. तिथे वही घेऊन कोणी बसलेलं नसतं.

जुलैत तो घरी येतो आणि खरी पंचाईत सुरू होते. दहा महिने सुरळीत चाललेल्या घराला कोच मिळतो. भांडी कुठल्या क्रमाने लावावीत, सकाळी न्हाणीघरात आधी कोणी जावं, सगळ्यांच्या जोड्या तो नव्याने जमवतो. मुलगा बटाटे सोलत असला, तर हा मागे उभा राहून हाताचा वेग बघतो. टाळी तिथेही वाजवत नाही. दुसऱ्या आठवड्यात बायको विचारते, “हल्ली उन्हाळ्यात कुठे सामने नसतात का हो?”

असतात. ऑगस्टमध्ये पोरांचा ह्लिंका ग्रेट्झकी कप असतो. त्याची बॅग त्या वेळी बायकोच भरते, तीही आदल्या रात्री. मुलगी दारात उभी राहून बापाला आपादमस्तक न्याहाळते आणि मोघम म्हणते, “पाहुणा म्हणून चांगला आहे. कायमचं घरात घ्यायचं का, ते कळवतो.”