बारा पॉइंट सहा

सोमवारी सकाळी आमच्या गाडीने सेल्फ घेतला नाही. चावी फिरवली की बॉनेटखालून 'कट्' असा आवाज यायचा आणि मग सगळं शांत. पाचव्या 'कट्'ला सोसायटीतले चार तज्ज्ञ जमले. माजिवड्यात सकाळी रिक्षा मिळायची मारामार, पण बंद गाडीभोवती सल्लागार कधी कमी पडत नाहीत.

पहिल्याने स्टार्टर गेल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याने फ्यूजवर संशय घेतला. तिसऱ्याने टर्मिनलवरची पांढरट-हिरवी बुरशी दाखवली आणि माझ्याकडे, आंघोळ न केलेल्या मुलाच्या बापाकडे बघावं तसं बघितलं. चौथा काहीच बोलला नाही. त्याची गाडी माझ्या गाडीमागे अडकली होती.

तेवढ्यात वॉचमन आला. "साहेब, हेडलाइट लावा." लावले. "आता चावी फिरवा." फिरवली, तसे दिवे पिवळे पडून विझायलाच आले. "बॅटरी," एवढं बोलून तो गेटकडे निघून गेला.

पण मी पडलो शिकलेला माणूस. वॉचमनच्या एका शब्दावर पाच-सहा हजार कसे खर्च करणार? आधी मोजायला हवं! मित्राकडून चार्जर आणि मल्टिमीटर आणला. आधी काळी वायर सोडवली, मग लाल, आणि पाळण्यातलं बाळ उचलावं तशी बॅटरी उचलली. बारा-तेरा किलोचं बाळ. लिफ्ट बंद होती. बॅटरी तुळशीशेजारी गॅलरीत ठेवली आणि चार्जरच्या काट्यांसमोर स्टूल टाकून बसलो.

"अहो, जेवायला या."

"थांब, तेरा पॉइंट आठ झालंय!"

"काय, ताप?"

सुरुवातीला पाच अँपिअर दाखवणारा काटा भराभर खाली आला आणि चाळीस मिनिटांत हिरवा दिवा लागला. मी खूश. तासाभराने मल्टिमीटर लावला: १२.६. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, हे मी वाचून ठेवलं होतं. पैकीच्या पैकी मार्क!

मंगळवारी गाडी सुरू झाली, बुधवारी 'कट्'. पुन्हा चार्जर, पुन्हा चाळीस मिनिटं, पुन्हा १२.६. गुरुवारी सुरू, शुक्रवारी 'कट्'. मी तिला गॅलरीत पास करत होतो आणि ती पार्किंगमध्ये नापास होत होती.

शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीहून सासरे आले. त्यांची उभी नोकरी टेलिफोन खात्यात, एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये गेलेली. पूर्वी वीज गेली तरी घरच्या फोनला डायल टोन यायचा, तो या बॅटऱ्यांच्या जिवावर: दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, अठ्ठेचाळीस व्होल्ट. चप्पल काढता काढता त्यांचं लक्ष गॅलरीकडे गेलं. चार्जर सुरू होता आणि बायको तुळशीपाशी निरांजन लावत होती.

"आधी तो दिवा उचल!" ते ओरडले. "चार्जिंगला हायड्रोजन सुटतो. तुळशीसकट उडाल!"

तुळशीसमोर दिवा लावू नये असं सांगणारा वडीलधारा माणूस मी प्रथमच पाहिला.

मी माझे आकडे त्यांच्यासमोर मांडले. चाळीस मिनिटांचा विक्रम जरा अभिमानानेच सांगितला.

"जावईबापू, बॅटरी किती एएचची? म्हणजे किती अँपिअर-तासांची?"

"पंचेचाळीस."

"अर्धी उतरली असली तरी पाच अँपिअरने भरायला चार-पाच तास हवेत. चाळीस मिनिटांत भरली कशी?"

मी चार्जरच्या गुणवत्तेविषयी बोलणार होतो.

"तुमच्या सोसायटीची टाकी पाच तासांऐवजी पाऊण तासात भरली, तर पंपाचं कौतुक करायचं की टाकीत गाळ किती साचलाय ते बघायचं?"

गाळ म्हणजे सल्फेट. बॅटरी अर्धवट उतरलेली राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर त्याचे कडक खडे धरतात, तेवढी जागा कायमची जाते. उरलेली जागा पटकन भरते, काटा खाली येतो, हिरवा दिवा लागतो. चार्जर खोटं बोलत नव्हता. 'भरली' म्हणत होता. किती भरली ते मी विचारलंच नव्हतं.

त्यांनी पिशवीतून हायड्रोमीटर काढला. पिचकारीसारखी काचेची नळी, आत तरंगणारा काटा. सहा बुचं उघडून एकेका सेलचं पाणी ओढून त्याची घनता बघितली. पाच सेल १२५०च्या आसपास. तिसऱ्यात काटा बुडाला: ११४०. "हा बघा तुमचा गुन्हेगार."

रात्रभर बॅटरी तशीच ठेवली. सकाळी व्होल्ट १२.४, कालचा वरवरचा फुगा उतरला होता. मग गाडीत बसवून, मल्टिमीटर लावलेला ठेवून मला चावी फिरवायला सांगितली. आकडा धाडकन ७.८वर आला. "सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये. बसल्या जागी सगळेच ठणठणीत असतात. भाराखाली बघायचं."

हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून का म्हटलं, ते कळलं नाही. आदल्या रात्री त्यांची बॅग वर नेताना दुसऱ्या मजल्यावर मी दम खायला थांबलो होतो, एवढंच.

"पण बिघडली कशी?"

"रोज गाडी कुठे नेता?"

"स्टेशनपर्यंत." म्हणजे चार किलोमीटर. कापूरबावडीच्या बाजूला निघालो तर अंतर त्याहून कमी आणि ट्रॅफिकमुळे वेळ जास्त. एसी, दिवे, रेडिओ चालू आणि गाडी जागेवर. स्टार्टर एका झटक्यात शे-दीडशे अँपिअर खातो आणि नुसत्या गुरगुरणाऱ्या इंजिनावरचा अल्टरनेटर ते पुरतं फेडत नाही. माझी बॅटरी रोज थोडी कर्जात जात होती. वर आपला उन्हाळा.

निदान पूर्ण झालं. मी वहीत सगळे आकडे लिहून घेतले. तेवढ्यात बायकोने बिलांच्या ड्रॉवरमधून एक पिवळं कार्ड आणून समोर ठेवलं. बॅटरीचं वॉरंटी कार्ड. खरेदीला पाच वर्षं झाली होती.

"हे आधी विचारलं असतंत तर?" ती म्हणाली.

नवी बॅटरी त्याच दुपारी बसली. जुनी दुकानदाराने परत घेऊन थोडे पैसे वळते केले. वाचकहो, मल्टिमीटर जरूर घ्या, पण त्याआधी बॅटरीचं कार्ड शोधा. आणि वॉचमनला चहा पाजा. त्याचं निदान सोमवारीच झालं होतं.