लॉर्ड लिनलिथगो, विवेकाचा परवाना फक्त लंडनलाच का?

माजी व्हाइसरॉय साहेब,

हे पत्र देहूरोडहून. इथला लष्करी डेपो तुमच्याच महायुद्धात उभा राहिला. पाळी सुटली की चाकण-निगडीकडून येणाऱ्या कामगारांच्या दुचाकी लष्कराच्या तारेच्या कुंपणालगत खोळंबतात. ते कुंपण दिसलं की तुमचा राग येतो.

३ सप्टेंबर १९३९. त्या दिवशी ब्रिटिश पार्लमेंटने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला, पण त्यात एक दार उघडं ठेवलं. ज्याचं मन माणूस मारायला धजत नाही, त्याने न्यायमंडळापुढे उभं राहून कारण सांगायचं; पटलं तर शेतावर, जंगलात, इस्पितळात राबायचं. सुमारे साठ हजार जणांनी तशी नोंद केली. काहींनी तर न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याचं काम पत्करलं. भित्र्यांचं काम नव्हे ते!

त्याच दिवशी तुम्ही भारताला युद्धात ढकललंत. विधिमंडळाला विचारलं नाहीत, निवडून आलेल्या प्रांतिक सरकारांनाही नाही. चाळीस कोटी लोकांच्या वतीने तुमचा एकट्याचा होकार!

पुढच्या वर्षी गांधीजींनी युद्धाविरुद्ध बोलायची मुभा मागितली. तुम्ही इंग्लंडचा दाखला दिलात : तिथला विरोधक लढाईतून सुटतो, मतही मांडतो, पण इतरांचं मन वळवू शकत नाही. अहो, तिथल्या माणसाचं सरकार त्याने निवडलेलं होतं. इथल्याने कुणाला निवडलं होतं? तुम्हाला?

तुम्ही मुभा नाकारलीत, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून सत्याग्रह सुरू झाला. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारमध्ये विनोबा भाव्यांनी सांगितलं, या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका. गावोगाव तेच सांगत फिरले. चार दिवसांत त्यांना अटक, तीन महिन्यांची कैद. सुटले, पुन्हा तेच बोलले, पुन्हा आत. १९४१ च्या मध्यापर्यंत असे वीस हजारांवर सत्याग्रही तुरुंगात गेले.

फौजेत सक्ती नव्हती, हे मान्य. पण युद्धाचा खर्च आमच्याही करातून गेला, आणि तो नको म्हणणाऱ्याला न्यायमंडळ नव्हतं, फक्त कोठडी होती.

लढलेल्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विनोबांचं गागोदे त्याच जिल्ह्यातलं, पेण तालुक्यातलं. एकाने बंदूक घेतली, एकाने नाकारली. दोघांनीही स्वतः ठरवलं. तुमच्या राज्याने एकाच्या निर्धाराला पदक दिलं, दुसऱ्याच्या निर्धाराला गुन्हा ठरवलं. लंडनमध्ये ज्याची सुनावणी होत होती, तो विवेक पवनारमध्ये गुन्हा कसा झाला, साहेब?

पिंपरी-चिंचवडचा एक नागरिक