हत्ती असावा वक्तशीर

आमच्या सीमाभागात हत्ती बघायचे दोन मार्ग आहेत. पहिला, मध्यरात्री ट्रॅक्स ठरवून, दशम्या आणि शेंगाचटणी बांधून शिमोग्याजवळचं सक्रेबैल गाठायचं. निपाणीपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दुसरा, चंदगड-आजऱ्याकडच्या पाहुण्यांकडं मुक्कामाला जायचं आणि रात्री परड्यातली केळ मोडल्याचा आवाज आला की खिडकी उघडायची. दुसऱ्याला तिकीट नाही, म्हणून त्याला कुणी सहल म्हणत नाही.

आमच्या घरानं पहिला मार्ग धरला. पुढच्या सीटवर काका, सीमालढ्यातले जुने कार्यकर्ते. बेळगाव मागं पडलं तरी कर्नाटक सरकारवर तोंडसुख घेणं चालू होतं; धारवाडचा पेढा तोंडात पडला तेव्हा थांबलं. सक्रेबैलला सकाळी साडेआठ ते अकरा हत्ती हजर. माहूत त्यांना तुंगेच्या पाण्यात आडवं पाडून घासतात, मग गवतात बांधलेला खुराक देतात. काकूंनी हात जोडले, "गणपतीच की वो ह्यो! किती गरीब!" कर्नाटक सरकारच्या त्या नोकरापुढं काकाही वाकले. पुतणीनं फोटो काढून स्टेटस ठेवलं, 'मिस यू माधुरी'.

माधुरी म्हणजे नांदणी मठाची महादेवी हत्तीण. 28 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या 'वनतारा'त पाठवायचा निर्णय कायम केला, तेव्हा हेच घर रडलं होतं. 3 ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली. वनतारा ज्यांचं, त्यांचीच मोबाइल कंपनी लोकांनी रागानं सोडली. आमच्या भागात निषेधाची यापेक्षा कडक पायरी नाही. तिचे पाय दुखतात, सांधे धरलेत, असं कोर्टात मांडलं गेलं. काकू म्हणाल्या, "आत्तीचं गुडघं बी दुखत्यात, तिला कोण नेतंय का जामनगरला?"

इकडं 2002 च्या सुमारास दांडेलीच्या जंगलातून हत्ती सिंधुदुर्गात आणि कोल्हापूर जिल्ह्यात उतरले. महाजन आयोगाचा अहवाल न वाचताच त्यांनी स्वतःपुरता सीमाप्रश्न मिटवला. तिकडं जंगल तुटत गेलं, इकडं ऊस, भात, केळी उभी होती. त्यांच्यापुढं मात्र कुणी हात जोडले नाहीत. 'बंदोबस्त करा' अशी निवेदनं दिली. 2015 मध्ये सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यातले हत्ती पकडायला शिकवलेले हत्ती आणले, तेही कर्नाटकातून. म्हणजे कर्नाटकातून आलेले हत्ती धरायला महाराष्ट्रानं कर्नाटकाचेच हत्ती मागवले. दोन राज्यांचं एवढं सामंजस्य बेळगावच्या हिवाळी अधिवेशनात कधी दिसलेलं नाही.

ज्याची केळ मोडली, ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यानं बोंब मारावी. त्याचा हक्कच आहे. पण आम्ही, ज्यांचं कुंडीतलं तुळशीचं रोपही हत्तीनं कधी हुंगलं नाही, तेही मोकळ्या हत्तीला उपद्रवी म्हणतो. पायात साखळी पडली की तोच गणपती होतो.

तेव्हा वनखात्याकडं आमचं मागणं साधं आहे. नेलेला हत्ती परत द्या, आलेले हत्ती परत न्या. आणि जंगलातल्यांना एवढं कळवा, दर्शन द्यायचंच असेल तर साडेआठ ते अकरा या वेळेत आणि आंघोळ करून यावं.