अग्रलेखाचा अंगारा

दर चार वर्षांनी, कडाक्याच्या थंडीत, अमेरिकेत नवसाचा हंगाम येई. अणुबॉम्बच्या बटणावर हक्क सांगायला निघालेले सिनेटर आणि गव्हर्नर आयोवातल्या ‘डी मॉइन रजिस्टर’ या दैनिकाच्या संपादक मंडळापुढे शहाण्या चेहऱ्याने बसत आणि मक्यापासून इथेनॉल काढण्याविषयी आपल्याला पाळण्यात असल्यापासून किती जिव्हाळा आहे, ते सांगत. तिकडे न्यू हॅम्पशायरमध्ये ‘युनियन लीडर’च्या दारात तीच रांग. मग एके दिवशी अग्रलेखातून पाठिंब्याचा अंगारा निघे. ज्याच्या कपाळी तो लागे त्याच्या प्रचार कचेरीत आनंदीआनंद, आणि उरलेल्यांच्या कचेऱ्यांत ‘हल्ली पेपर वाचतं कोण?’ असा अचानक झालेला साक्षात्कार. या अंगाऱ्यात गुण मुळीच नाही, असं म्हणणारे चुकतात. फक्त तो भक्त समजतात तिथे नाही. अंगारा मतं देत नाही, फार तर बातमी देतो. आणि तीही कोणाला अपेक्षा नसताना लागला तरच.

अंगारेवाले २००४ चा दाखला हमखास देतात, आणि तो खोटा नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या शर्यतीत तेव्हा हॉवर्ड डीन यांची हवा होती. जॉन एडवर्ड्स हे नॉर्थ कॅरोलायनाचे पहिल्याच खेपेचे सिनेटर चांगलेच मागे होते. ११ जानेवारीला ‘रजिस्टर’ने एडवर्ड्सना पाठिंबा दिला, १९ तारखेला आयोवाचे कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या सभा, झाले, आणि एडवर्ड्स ३२ टक्के घेऊन दुसरे आले. डीन १८ टक्क्यांवर तिसरे. हे कसं घडलं, ते आयोवाची तऱ्हा पाहिल्यावर कळतं. सगळ्या राज्यातून कॉकसला आलेली माणसं सव्वा लाखाच्या आसपास. ती शाळांत, चर्चमध्ये जमून आपापल्या उमेदवाराचे घोळके करून उभी राहत. ज्या घोळक्यात साधारण १५ टक्केही माणसं नसत तो मोडे, आणि त्यातल्यांना दुसऱ्या कोणाकडे तरी जावं लागे किंवा सरळ घरी. अशा वेळी बर्फातून गाडी हाकत आलेल्या माणसाला ‘त्या पोराबद्दल पेपरात काहीतरी चांगलं आलं होतं’ एवढं आठवलं तरी पुरतं. शिवाय एक वृत्तपत्र पाठिंबा देतं, शंभर वृत्तपत्रं त्याने तो दिल्याची बातमी देतात, आणि आठवड्याने पहिलं वृत्तपत्र निरागसपणे लिहितं की या उमेदवाराची सध्या फार चर्चा आहे.

यावर रास्त आक्षेप असा की पहिले आले ते जॉन केरी, ३८ टक्के घेऊन. त्यांना कुठे ‘रजिस्टर’चा अंगारा लागला होता? नव्हताच. डीन आणि दुसरे एक उमेदवार गेपहार्ट एकमेकांवर चिखलफेक करण्यात इतके रमले की त्या गडबडीत दोघे स्वच्छ उमेदवार पुढे सरकले. म्हणजे वारं आधीच सुटलं होतं. अग्रलेखाने एवढंच केलं की त्याचा थोडा झोत एडवर्ड्सकडे वळवला. बरं, हा एक दाखला मांडून ठेवला की बाकीची पोथी उघडायला कोणी फारसं उत्सुक नसतं. ‘रजिस्टर’चा आशीर्वाद लाभलेले बिल ब्रॅडली २००० मध्ये अल गोर यांच्याकडून सपाटून हरले. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन तिसऱ्या आल्या. २०१२ मध्ये मिट रॉम्नी त्या रात्री ८ मतांनी जिंकले आणि फेरतपासणीत ३४ मतांनी हरले, त्यामुळे त्यांच्या वाट्याचं श्रेय संपादकांना जेमतेम दोन आठवडे मिरवता आलं. ‘युनियन लीडर’ने २००० मध्ये स्टीव्ह फोर्ब्स आणि २०१२ मध्ये न्यूट गिंग्रिच यांच्यावर हात ठेवला, गिंग्रिचना १० टक्केही मिळाले नाहीत.

मग अंगारा कधी लागू पडतो? चुन-फांग च्यांग आणि ब्रायन नाइट या अर्थतज्ज्ञांनी २००० आणि २००४ च्या निवडणुकांतले पाठिंबे तपासले, तेव्हा निष्कर्ष असा निघाला की वाचक दिसतो तितका भोळा नसतो. ज्या वृत्तपत्राचा कल सर्वांना ठाऊक आहे त्याने आपल्याच बाजूच्या माणसाला उचललं, तर वाचक ते मनातल्या मनात वजा करतो. कलाच्या विरुद्ध पाठिंबा आला, तर मत हलतं. (पक्षाच्या मुखपत्राने पक्षाच्या नेत्याला अग्रलेखातून ओवाळलं म्हणून आपल्याकडे तरी कोणी चहाचा कप खाली ठेवला आहे?) कोणी म्हणेल, तो अभ्यास दोन पक्षांच्या लढतीचा, प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, सगळे एकाच पक्षाचे. खरं आहे, आणि म्हणूनच पक्षाचं नाव पाहून निवड करण्याची सोय नसलेल्या मतदाराला तिथे बाहेरचा इशारा अधिक लागतो. पण इशारा एकच हवा. १९ जानेवारी २०२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मोठ्या थाटात, दूरचित्रवाणीवर मुलाखती दाखवून, एलिझाबेथ वॉरन आणि एमी क्लोबुशार अशा दोघींना पाठिंबा दिला. सहा आठवड्यांनी क्लोबुशार माघार घेऊन जो बायडन यांच्या मागे उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्याच दिवशी वॉरन आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या आल्या. बायडन यांना ‘टाइम्स’च्या इमारतीत मिळालं ते लिफ्टमधल्या सुरक्षारक्षक बाईंचं प्रेम. त्याच बाईंनी ऑगस्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनात त्यांचं नाव सुचवलं. संपादक मंडळाने मात्र त्यांना अंतिम यादीतच घेतलं नव्हतं.

बायडन यांची हवा फिरवली ती दक्षिण कॅरोलायनाचे काँग्रेस सदस्य जिम क्लायबर्न यांनी, तिथल्या मतदानाच्या तीन दिवस आधी पाठिंबा देऊन. मतदान करून बाहेर पडलेल्या जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं की क्लायबर्न यांचा शब्द आपल्याला महत्त्वाचा वाटला. मतदार त्यांना ओळखतात आणि ते मतदारांना. संपादक मंडळाशी ओळख मात्र मुलाखतीला गेलेल्या उमेदवारांचीच.

पाठिंब्याने काहीच हलत नाही म्हणावं, तर २०१६ चं न्यू हॅम्पशायर आडवं येतं, कारण तिथे मत हललं, पण उलट्या दिशेने. ‘युनियन लीडर’ने ख्रिस क्रिस्टी यांना उचललं आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर सणसणीत अग्रलेख लिहिला. ट्रम्प यांनी वृत्तपत्रालाच प्रतिस्पर्धी करून टाकलं. त्यांचे मतदार ज्यांच्यावर रागावले होते, त्या शहाण्यांचा पुरावाच त्यांच्या हाती आला. ९ फेब्रुवारीला ट्रम्प ३५ टक्के घेऊन पहिले आले, क्रिस्टी सहावे. तीन आठवड्यांच्या आत क्रिस्टी यांनीही पाठिंबा जाहीर केला, ट्रम्प यांना. वृत्तपत्राने मग छापून टाकलं की क्रिस्टी यांना निवडण्यात आपली चूक झाली. त्या कबुलीला मात्र, सवयीप्रमाणे, इतर वृत्तपत्रांत भरपूर जागा मिळाली.