टॅपेट वाजतंय

टॅपेटकाका तुमच्या सोसायटीत कितव्या मजल्यावर राहतात हे तुम्हालाच ठाऊक. पण राहतात, यात शंका नाही. सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, म्हणजे जेवतात आणि झोपतात. बाकी सगळा मुक्काम खाली पार्किंगमध्ये. रविवारी सकाळी कुणी पोहे आणायला गाडी काढली की खांबामागून एक हात वर होतो. नखांत ग्रीस, खांद्यावर काळं पडलेलं फडकं.

"थांब. बंद नको करूस. जरा रेस दे."

माणूस रेस देतो. काका मान तिरकी करतात, डोळे मिटतात आणि निकाल सांगतात.

"टॅपेट वाजतंय."

झालं. पोहे गेले.

टॅपेट म्हणजे काय हे त्या सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, कारण काकांनी प्रत्येकाला एकदा तरी फरशीवर खडूनं आकृती काढून ते समजावलेलं आहे. फोर स्ट्रोक एंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा एक व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारा दुसरा. कॅम फिरतो, रॉकर दाबतो, व्हॉल्व्ह उघडतो. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण एंजिन तापलं की धातू वाढतो. शंभर सीसीच्या गाडीत ही फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून माप घ्यायचं ते थंड एंजिनावर, फिलर गेजची पातळ पाती मध्ये सरकवून. फट वाढली की टकटक ऐकू येते. फट संपली तर काहीच ऐकू येत नाही; व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक दिवस धुराकडचा व्हॉल्व्ह जळतो. "वाजणारं टॅपेट परवडलं," काका म्हणतात, "गप्प बसलेलं वाईट." मग वाजणाऱ्याच्याच मागे का लागता, असं त्यांना कुणी विचारत नाही. विचारलं तर पुन्हा खडू निघतो.

निदानाचं हत्यार एकच. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक एंजिनाच्या हेडवर, मूठ कानामागच्या हाडावर आणि चेहरा नाडी पाहणाऱ्या वैद्याचा. पद्धत खोटी नाही. लोखंडातून आवाज चांगला पोचतो. जुने मिस्त्री बेअरिंगचा आवाज असाच ऐकत आणि आजही ऐकतात. खोट पद्धतीत नाही, काकांत आहे. त्यांना ते जिथेतिथे ऐकू येतं. मंगल कार्यालयामागचा जनरेटर सुरू झाला, टॅपेट. गणपतीच्या आरतीला मोटरवर चालणारं नगारा-झांजांचं यंत्र लावलं, टॅपेट. काकूंचा मिक्सर, टॅपेट.

"अहो, मिक्सरला व्हॉल्व्ह नसतो," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे ज्ञान फुकट मिळालेलं होतं.

"नसेल. पण वाजतंय."

त्या दिवशी चटणी पाट्यावर झाली.

मध्यंतरी छातीत धडधडतं म्हणून काकांची सोनोग्राफीसारखी ती हृदयाची तपासणी झाली. तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "एक व्हॉल्व्ह किंचित लीक आहे. काळजीचं कारण नाही." काका पडल्या पडल्या म्हणाले, "थंड असताना बघितलंत की गरम?" डॉक्टरांना आधी कळेना. कळल्यावर ते हसले आणि हसता हसता आपल्याकडे बुलेट असल्याचं बोलून गेले. डॉक्टरांनी करू नये अशी चूक ती हीच. पुढच्या रविवारी बुलेट पार्किंगमध्ये उभी आणि काका स्क्रू ड्रायव्हर लावून. निकाल ठरलेला होता. मात्र त्या बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट होतं. ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरून निघते, पाना लावायची सोयच नाही. हे डॉक्टरांनी नम्रपणे सांगितलं. काका तो अख्खा आठवडा लिफ्टनं जात राहिले, म्हणजे पार्किंगमध्ये कुणी भेटू नये.

काका मेकॅनिक नाहीत, कधीच नव्हते. पाटबंधारे खात्यात हिशेब लिहून ते निवृत्त झाले. त्यांच्या पिढीला हे हात काळे करणं हौस म्हणून लागलेलं नाही. चेतक स्कूटरची नोंदणी करून लोक वर्षानुवर्षं नंबरची वाट बघत तो काळ; मिळालेली गाडी जपायची तर पाना आपणच उचलायला हवा. काकांनीही नोंदणी केली होती. नंबर लागेना, तेव्हा त्यांनी जुनी येझदी घेतली. म्हैसूरला बनणारी, दोन सायलेन्सरवाली. तिची किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचा. प्लग काळा पडला तर काढा, सँडपेपरनं घासा, लावा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा. पॉइंटची फट व्हिजिटिंग कार्डानं मोजा. सगळं शिक्षण या गाडीवर झालं. आणि गंमत अशी, की येझदी टू स्ट्रोक. टू स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, नुसती सिलिंडरच्या भिंतीत भोकं. ज्या माणसानं सोसायटीला टॅपेटनं भंडावून सोडलं, त्याची सगळी जवानी टॅपेट नसलेल्या गाडीवर गेली. अतृप्त इच्छा म्हणतात ती अशी.

मग घेतली सीडी १००. टाकीवर अजून 'हीरो होंडा' आहे, दोन्ही कंपन्या केव्हाच वेगळ्या झाल्या तरी. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी या गाडीची जाहिरात होती. काकांनी पहिल्या दोन गोष्टी पाळल्या.

ती गाडी उघडल्याशिवाय रविवार जात नाही. चेन उतरवून रॉकेलमध्ये भिजत घालायची, रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेलमध्ये. जुन्या टूथब्रशनं कडी न् कडी घासायची. कार्बोरेटर काढून जेट फुंकायचं. ब्रेक शू, क्लच केबल, मॅग्नेटचं झाकण. हत्यारांची पेटी लष्करी पत्र्याची, जुन्या बाजारातली. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा हे पाने आपापल्या खोबणीत आणि फिलर गेज चष्म्याच्या डबीत. एकदा त्या डबीतून खरोखर चष्मा निघाला तेव्हा काका घाबरले होते. बोल्टचे आटे गेले तर नाना पेठ. तिथले दुकानदार काकांना आत बसवतात, चहा देतात आणि एका वायसरसाठी सात डबे उघडून दाखवतात. पानशेतच्या पुरापासूनचा हिशेब दोन्ही बाजूंनी होतो. बिल वीस रुपये.

हे स्वतःच्या गाडीपुरतं असतं तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण तळमजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्याची स्प्लेंडर परीक्षेच्या दिवशी सुरू होईना, आणि तो बिचारा किक मारत असताना काका दूध घेऊन आत आले. दूध खाली ठेवलं. प्लग काढला, रंग बघितला. कार्बोरेटर काढला, फ्लोट हलवून बघितला. टॅपेटचं झाकण तर उघडायलाच हवं होतं. पोरगा घड्याळ बघतोय, काका टॉर्च त्याच्याच हातात देतायत: "इकडे धर, माझ्या डोळ्यावर नको." शेवटी पोरगा रिक्षानं गेला. तो परत आला तेव्हा गाडी सुरू होती आणि दूध नासलं होतं. झालं होतं काय, तर पेट्रोलचा कॉक बंद होता. "पण त्या निमित्तानं टॅपेट करून दिलं," काका म्हणाले. पोराच्या चेहऱ्यावर कृतज्ञता शोधण्यात त्यांनी बराच वेळ घालवला.

सोसायटीतल्या पोरांनी याचा सूड घ्यायचं ठरवलं. कुणाच्या तरी मित्राची यामाहा आरएक्स १०० आणली. १९९६ साली बंद झालेली आणि आता जुन्या बाजारात सोन्याच्या भावानं जाणारी. शिवाय टू स्ट्रोक. काका म्हणणार 'टॅपेट वाजतंय', आणि आपण म्हणणार 'काका, याला टॅपेटच नाही', असा बेत. गाडी सुरू झाली. काका आले, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. पोरं ओठ चावत उभी.

"याला टॅपेट नसतं," काका म्हणाले. पोरांचे चेहरे पडले. "पण वाजतंय. पिस्टन वाजतोय. थंडीत जास्त, तापल्यावर कमी. बोअरचं काम निघालंय, फार चालवू नका."

मालकानं ते हसण्यावारी नेलं. पुढे गॅरेजमध्ये हेड उतरवलं तेव्हा सिलिंडर झिजलेला निघाला आणि बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकावा लागला. पोरांनी ही बातमी काकांना बरेच दिवस सांगितली नाही. सोसायटीतलं राजकारणही शेवटी राजकारणच.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं. साध्या स्प्लेंडरमधूनही कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन बसलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या नव्या गाडीत काकांनी कार्बोरेटर बराच वेळ शोधला. सापडले वायर आणि सेन्सर. गाडी कुरकुरायला लागली तेव्हा सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर जोडला आणि काहीही बिघाड नाही असं सांगून परत पाठवली. काकांनी कान लावला. त्या वेळी टॅपेट खरोखरच वाजत होतं. इंजेक्शन आलं तरी व्हॉल्व्ह आहेतच, त्यांची फट बऱ्याच गाड्यांत अजून हातानंच लावतात, आणि ती मोजणारा सेन्सर त्या गाडीत नाही. "लॅपटॉपला ऐकू येत नाही," एवढंच म्हणून काका फिलर गेज आणायला वर गेले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. व्हॉल्व्ह लीक असताना.

गेल्या वर्षी सुनेनं स्कूटर घेतली. चेतक. १९७२ साली आलेल्या ज्या स्कूटरसाठी काकांचा नंबर कधी लागला नाही, तेच नाव, आता विजेवर. अर्जानं नाही, हप्त्यानं आलेली. पूजा झाली, नारळ फुटला, सुनेनं बटण दाबलं. काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे होते. कुठे लावावा कळेना, म्हणून त्यांनी मागच्या चाकाजवळ टेकवला. सुनेनं गाडी थोडी पुढे नेली. त्यांनी पुन्हा टेकवला. बारीकशी घरघर, बस्. टकटक नाही. कुणी काही बोललं नाही. चेष्टा करायची तर यापेक्षा चांगली वेळ नव्हती, पण कुणालाच ती सुचली नाही. काकांनी फडक्यानं हात पुसले, ते स्वच्छच होते तरी. मग वाकून टायर दाबलं. "मागे हवा कमी आहे," म्हणाले.

यंदाच्या वार्षिक सभेत पार्किंगला नवी फरशी घालायचा ठराव आला, आणि त्याच्याच शेपटीला 'पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीस सक्त मनाई' हेही कलम. रोख कुणावर होता ते सांगायला नको. ऑइलचे डाग, डिझेलचा वास, रविवारची झोपमोड, सगळं खरं. काका गप्प बसले होते, आणि गप्प टॅपेटाबद्दल त्यांचंच मत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा चौथ्या मजल्यावरची नर्स उठली. २०२० च्या टाळेबंदीत गॅरेजं बंद होती, तिची ड्यूटी चालू होती आणि स्कूटरची बॅटरी मेली होती. काका रोज पहाटे खाली येऊन किक मारून गाडी सुरू करून ठेवत, मास्क लावून लांब उभे राहत आणि ती गेली की वर जात. तिनं एवढंच सांगितलं. शिवाय एक गोष्ट, ती म्हणाली: त्या सगळ्या दिवसांत काकांनी एकदाही टॅपेटचं नाव काढलं नाही.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं की डागांचं म्हणाल तर काका जळकं ऑइल गटारात सोडत नाहीत, कॅनमध्ये भरून समोरच्या बांधकामावर देतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला. उलट जे लोक सर्व्हिस सेंटरला जातात त्यांच्याच गाड्यांखाली डाग आहेत. ते खाली जाऊन बघितलं तर खरं निघालं. कलम मंजूर झालं, फक्त खांबामागची एक जागा सोडून. तिथे जुनीच फरशी राहणार आहे. काकांनी आभार मानले नाहीत. त्यांना खांबावर एक दिवा हवा होता, तो मागितला.

तुमच्याकडच्या काकांना गाडी दाखवायची असेल तर आदल्या रात्री लावून ठेवा आणि सकाळी सुरू न करता ढकलत न्या. गरम एंजिनावर ते पाना लावत नाहीत. टॉर्च आपला न्यावा. पेट्रोलचा कॉक आधी बघून घ्यावा. आणि दहा-अकराचा पाना उसना मागू नये, तो ते देत नाहीत.