माळवदी, पत्र्याचा आन् शिमिटाचा

"काकू, काय करायलाव?"

"तुरीची डाळ निवडायले, माय. ये की तारंजवळ. सकाळी तुमच्यात एवढा गलका कशाचा?"

"मामंजींचा! चहात साखर कमी पडली. म्हणले, गड्याच्या जातीला असला चहा देतेत व्हय?"

"मनावर घिऊ नको. तुझा सासरा पत्र्याचा गडी."

"पत्र्याचा?"

"आगं, किल्लारीत गड्याच्या तीन जाती. आदी समदे माळवदी. दोन-अडीच फुटाची भिंत, वर मातीचा ढीग. जितकं घर जड तितका माणूस मोठा. भाईर घडीव दगड, आत नुसते गोटे आन् चिखल, दोन्ही अंगं सांधणारा एक दगड न्हाई. आमचे आजेसासरे तसलेच. मिशा बघून बैल थांबायचे, पण दवाखान्यात सुई दिसली की 'माय, माय'!"

"मग?"

"मग १९९३ साल. गणपती बुडवून लोक निजले, आन् ३० सप्टेंबरला पहाटं चारच्या आत समदं भुईला. जड तेच माणसांच्या अंगावर आलं... जाऊ दे ते. मग आलं पत्र्याचं शेड. वारा सुटला की धडधड, पाऊस आला की तडतड, उन्हाळ्यात तापलेला. आवाज लई, निवारा कमी."

"अगदी मामंजी!"

"तिसरा शिमिटाचा. ठोकळ्याची पातळ भिंत, पण आतून सळईनं बांधलेली. हलंल, पडणार न्हाई. तुझा नवरा तसला."

"त्यांना तर लोक बाईलवेडा म्हणतेत. धुणं वाळू घालतेत म्हणून."

"म्हणू दे. माझी भैन भूकंपानंतर संवाद सहायक झालती. घरं टिकतील अशी दुरुस्त करा म्हणून गावोगाव सांगत हिंडायची. तवाबी पत्रे खडखडलेच, बाईला बांधकामातलं काय कळतंय! आन् पैठणच्या नाथमहाराजांनी चारशे वर्सांमागंच भारुडात बाईच्या तोंडून दादल्याचा पंचनामा केलाय. आपुन कुठं नवं बोलायलोत?"

"आन् काका कोणत्यातले?"

"वर शिमिट, खाली माळवद! पेन्शन आणून हातात देतेत, पण तांब्या उचला म्हणलं की भिंतीला तडा. थांब, तुझ्यासमोरच इचारते. आवं! वाईच डाळ निवडू लागता का?"

"काय म्हणले?"

"खोकले नुसते."