काढेकाका

नागपूरच्या बेसा-पिपळा रस्त्यावरच्या आमच्या लेआउटमध्ये कोणी शिंकलं, की रुमाल खिशातून निघायच्या आत काढेकाका गेटशी हजर. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण त्या पाटीवर गुळवेल चढली आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर पाणी मोजलं, त्यामुळे मोजमाप या प्रकाराचाच त्यांना वीट आलेला.

"काय भाऊ, ढिले दिसून राहिले आज?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता रोग ठरवायचा, ही त्यांची पद्धत. निरोगी माणसावर त्यांचा विश्वास नाही. मूळव्याधीला सुरण, खोकल्याला अडुळसा, घशाला ज्येष्ठमध, अशक्तपणाला बीट आणि जे उरेल त्याला गुळवेल. सुरणाला संस्कृतात 'अर्शोघ्न' म्हणतात, हे ते भाजीबाजारात, चारचौघांत, ज्याला त्रास आहे त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात.

हळदीचा विषय निघाला की आवाज चढतो. हळदीने जखम भरते या आपल्या आजीच्या ज्ञानावर अमेरिकेने 1995 साली पेटंट दिलं आणि माशेलकरांच्या सीएसआयआरने लढून 1997 साली ते रद्द करवलं, हे ते असं सांगतात, की वकीलपत्र यांचंच होतं असं वाटावं. शिवाय हळद घ्यायची तर आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावचीच, हा हुकूम. यात चुकीचं काहीच नाही. काका खोटं बोलतच नाहीत. अर्धं बोलतात.

उरलेलं अर्धं काकूंकडे असतं. काकूंनी आयुर्वेदाचं पान उलटलेलं नाही, पण एका रविवारी काकांनी सुरणाचा गड्डा आणला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "अन् चिंच?"

"औषधाले चिंच कायले?" म्हणत काकांनी कच्ची फोड तोंडात टाकली. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे अणकुचीदार स्फटिक असतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवल्याशिवाय तो जीभ, घसा सोलून काढतो. त्या दुपारी लेआउटमध्ये एकाही आजाराचं निदान झालं नाही.

दुधीच्या रसाचं प्रकरण याहून गंभीर. काका मिक्सर लावून बसले होते. काकूंनी देठाकडची पातळ चकती कापली, जिभेच्या टोकाला लावली, थुंकली आणि अख्खा दुधी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"अवं, कडू आहे म्हणजेच औषधी!"

"मंग दवाखान्यात नेऊन पिजा."

कडू दुधीतल्या विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावलीही आहेत. रस कडू लागला तर पिऊच नका, असं आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने 2011 साली सांगितलं. काकूंनी त्या समितीचं नावही ऐकलेलं नाही. त्यांच्या सासूबाई चव घेतल्याशिवाय दुधी चिरत नसत, एवढंच. हिरवा पडलेला बटाटाही काकू अशाच बिनबोभाट फेकतात.

2020 साली काकांना सुगीचे दिवस आले. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे यांचा काढा सुचवला. प्रमाण 3 ग्रॅम चूर्ण आणि 150 मिलिलिटर पाणी. काकांचं प्रमाण एक मूठ आणि एक गंज. मिरे वाढले की गुण वाढतो, हे त्यांचं गणित. कोरोना दूर राहिला की नाही कोण जाणे, पण अख्ख्या गल्लीची छाती जळाली. पुढच्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. मंत्रालय म्हणालं, ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. काकांनी मंत्रालयाची बाजू घेतली. काकूंनी एवढंच विचारलं, "मंग आपल्या दारावर कोणती आहे?"

अखेर काकूंनी काकांना सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात नेलं. आपला माणूस भेटणार म्हणून काका खुशीत. वैद्यांनी मात्र नाडीसोबत बीपीही पाहिला आणि विचारलं, ज्येष्ठमध किती महिने चघळताय? गोळ्या कोणत्या चालू आहेत? ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. ज्येष्ठमध त्याच दिवशी बंद झालं. परतताना काका एवढंच पुटपुटले, "वैद्य अॅलोपॅथीचा वाटते."

असे काका प्रत्येक लेआउटमध्ये असतात आणि माणूस म्हणून सोन्यासारखे असतात. मध्यरात्री गाडी काढून दवाखान्यात नेतात तेही हेच. तेव्हा त्यांचा काढा नाकारून मन दुखवू नका. तीन प्रश्न विचारा: किती, किती दिवस आणि कोणी घेऊ नये? उत्तर आलं नाही, तर काढा तुळशीवृंदावनात ओतू नका, तुळस बिचारी काय करील? मोरीत ओता. आणि घेतच असाल, तर डॉक्टरपासून लपवू नका.